हरळीचं औषधपाणी

माळवाडी, ता. भूम
१९ सप्टेंबर २०२४

हर्षे,

तुझी आजी कडूबाई लिहिते. खुशाली विचारायला लिहीत न्हाय. तू खुशाल असतीस तर लिंबाजीनं सगळ्या फाट्यासमोर तुझं नाव घेतलं नसतं. काल धाराशिवची एसटी थांबवली आणि ड्रायव्हरच्या खिडकीतनं मान काढून म्हणतो, "मावशी, तुमची नात मैदानात डोक्याला हात लावून बसली होती. म्या हॉर्न दिला तरी वर बघितलं न्हाय." म्या म्हणलं, कोण मेलं? तर म्हणतो, "गवत मरायलंय म्हणं."

फाट्यावरची चार माणसं हसली. म्या बी हसले. खोटं कशाला बोलू?

आता मला नीट सांग. तुझ्या बापानं तुला शेतकीचं शिकवलं, तू धाराशिवला नोकरी धरलीस, तवा म्या गावभर सांगितलं, पोरगी मैदान सांभाळती. मैदान म्हणजे मला वाटलं मंडप, खुर्च्या, कुलूप-किल्ली. तू तिथं गवत सांभाळतीस हे मला एसटीच्या ड्रायव्हरकडनं कळावं? आणि गवत तरी कोणतं, तर हरळी! अगं, म्या जन्मभर कुदळ घेऊन हरळी खणली. काळ्या रानात तिची एक कांडी राहिली तर पुढच्या साली पुन्हा सगळं रान तिचंच. तुझा आजा म्हणायचा, हरळी आणि भाऊबंद मुळासकट निघत न्हायती. ती मरंना म्हणून आमच्या पिढ्या मेल्या, आणि तू पगार घेऊन तिला जगवायलीस, तरी ती मरायली! मग असली कला आमाला तरी शिकव.

फोन करू नकोस. फोनवर तू "बरंय, बरंय" म्हणतीस आणि तुझी आई मधनंच ओढून घेती. साक्षरता वर्गातल्या बाईनं मला लिहायला शिकवलं ते काय नुसतं मतदानाला सही करायला न्हाय. कागद लिंबाजीच्या हाती दे, तो आणतो.

माझं ऐकशील तर पाणी दे. आमच्या माळावर जे मरतं ते पाण्यावाचून मरतं. दुसरं कारण म्या तरी बघितलं न्हाय.

कडूबाई


धाराशिव
२३ सप्टेंबर

आज्जी,

हसलीस ना? हस. इथंही सगळे हसतात, त्यात तुझी भर. लिंबाजीकाकांना सांग, मी डोक्याला हात लावला नव्हता. वाकून गवत बघत होते.

तू म्हणतेस ती हरळीच आहे, फक्त सुधारलेली, मऊ पानाची. तुझ्या रानात ती मरत नाही, कारण तिथं तिचे कुणी लाड करत नाही. इथं क्रिकेटसाठी तिला बोटाच्या पेरापेक्षा बारीक कापतात, वर खत घालतात, पाणी देतात, पुन्हा कापतात. म्हणजे शेळी बारमाही पिळायची आणि पोटभर चरू मात्र द्यायचं नाही, तसं.

आता तिला बुरशी लागली आहे. जेवणाच्या ताटाएवढे तपकिरी गोल डाग. सकाळी लवकर गेलं तर डागाच्या कडेला काळपट कडं दिसतं, कुणी धूर सोडल्यासारखं, आणि पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. ऊन वर आलं की धागे गायब. त्यामुळं ते माझ्याशिवाय कुणालाच दिसत नाहीत, आणि मी सांगितलं की लोक मला चष्मा लावायला सांगतात. आमच्या कॉलेजच्या सरांनी मुळासकट तुकडा नेऊन तपासला. बुरशीच निघाली. पात रात्रभर ओली राहिली की ती फोफावते. सर म्हणाले, पाणी कमी दे आणि तेही सकाळी, युरिया बंद कर, कापणी थोडी उंच ठेव, मशीनच्या पात्याला धार लाव. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं, आणि त्या फाटक्या टोकातून बुरशी आत शिरते. एवढं सांभाळलं तर औषधाची एक फवारणी पुरे. नाही सांभाळलं तर टाकीभर औषध ओतूनही उपयोग नाही.

तेव्हा आज्जी, पाणी कमी पडून नाही, जास्त होऊन मरतंय. संध्याकाळच्या फवाऱ्यांमध्ये जरा बिघाड आहे, तो निघाला की होईल नीट.

काळजीचं कारण वेगळं आहे. कोजागिरीनंतर, दिवाळीच्या आत, मुलींच्या जिल्हा क्रिकेटची फायनल आमच्या मैदानावर ठरली आहे. आधी समिती पाहणी करणार. गवत असंच राहिलं तर सामना उमरग्याला जाईल. माझी नेमणूक दिवाळीपर्यंतच आहे. सामना गेला तर पुढच्या नेमणुकीवर कोण सही करेल? बाबांना यातलं काही सांगू नकोस.

आणि लेंडीखत पाठवू नकोस. तुझ्या मनात आलंय, मला माहीत आहे.

हर्षाली


माळवाडी
२६ सप्टेंबर

हर्षे,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. पाणी जास्त झालं म्हणून मरतंय, हे म्या तुझ्या आईला दाखवलं न्हाय. ती तुला डॉक्टरकडं नेईल.

तुझे सर शिकलेले असतील, म्या कुठं न्हाय म्हणते? पण रोज तिची हजामत करायची, अंगावरचं सगळं उतरवायचं, आणि वर खत बंद करायचं, ह्याला औषध म्हणत्यात व्हय? कोंबडीची पिसं उपटून तिलाच विचारायचं, बाई, तुला थंडी का वाजती? अंगात जोर असल्यावर रोग जवळ येत न्हाय. माणसाला लागू हाय तेच गवताला.

लेंडीखत पाठवू नकोस म्हणून तुझं पत्र आलं, तवर दोन पोती लिंबाजीच्या गाडीत मागच्या शिटाखाली चढली होती. म्हणून तुझं ऐकायचं राहून गेलं. मुरलेलं, चाळलेलं, सोन्यासारखं खत हाय. भूमच्या बाजारात लोक हात जोडून मागतात.

उतरवून घ्यायला तुमच्या कोंडीरामला निरोप धाडलाय. तुमचा वॉचमन आपल्या शेजारच्या सिताबाईच्या नणंदेचा दीर लागतो. तुला ठाऊक न्हाय, मला ठाऊक हाय. मूठमूठ फेक म्हणलंय, आणि डाग दिसंल तिथं सढळ हातानं.

तू कामात असतीस. तुला कशाला तसदी?

कडूबाई


धाराशिव
२ ऑक्टोबर

आज्जी,

शुक्रवारी मी सरांकडे गेले होते. परत आले तर कोंडीरामकाका घामाघूम, आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. "ताई, घरचं खत आलतं. टाकून घेतलं. जिरावं म्हणून वर पाणी बी मारलं." मी त्यांना काय बोलणार होते? त्या माणसानं पहिल्यांदाच न सांगता काम केलं होतं.

खराट्यानं निघेल तेवढं झाडून काढलं. पण जे जिरलं ते जिरलं. आता ताटं राहिली नाहीत, डागाला डाग लागून अख्खी पंगत बसली आहे. बुरशीला कोवळी, लुसलुशीत पात आवडते, आणि या उबदार दमट दिवसांत खत घातलं की तसलीच पात फुटते. तू हरळीला बळ दिलं नाहीस, बुरशीला जेवायला वाढलंस. तेही सढळ हातानं.

तुला तुझ्याच कामातलं सांगते. तू सकाळी दव उतरल्याशिवाय शेळ्या सोडतेस का? मी शाळेत असताना शेळ्या सोडून मला पेपरला जायचं होतं. तू दारात काठी आडवी धरलीस. "पेपर बुडाला तर पुढच्या साली देशील, पोट फुगून शेळी मेली तर तुझे सर आणून देणारेत का?" आठवतं? ओला चारा शेळीला वाईट, हे तुला कुणी सांगावं लागत नाही. तसंच अंगावर थांबलेलं पाणी या गवताला वाईट. मुळाला पाणी हवं, पानाला नको. एवढीच सगळी विद्या आहे.

आता रोज उजाडताना मी आणि कोंडीरामकाका लांबलचक दोर घेऊन मैदानात उतरतो. एका टोकाला ते, एका टोकाला मी, आणि दोर गवतावरनं ओढत नेतो. दव झडतं, पात लवकर वाळते. डाग आहेत तिकडचा भाग शेवटी घेतो आणि मग दोर धुतो, नाहीतर आम्हीच रोग सगळीकडे पोचवू. काल फिरायला आलेल्या एका वकीलसाहेबांनी विचारलं, "काय, मोजणी चाललीय का? कुणी केस घातली?"

पण सकाळी वाळवावं आणि संध्याकाळी पुन्हा सगळं ओलं. फवाऱ्यांचा बिघाड काही निघत नाही.

हर्षाली


माळवाडी
५ ऑक्टोबर

हर्षे,

खताचं झालं ते झालं. चांगला माल चुकीच्या घरी दिला की असंच होतं, त्यात मालाचा काय दोष?

पण दवाचं कळलं. बुरशीचं अजून बी कळलं न्हाय, ती दिसंना त्याला म्या काय करू? पण दवाचं कळलं. पहिल्याच पत्रात शेळीवर आली असतीस तर दोन पोती वाचली असती. तुमी शिकलेली माणसं आधी सगळं लांबचं सांगता आणि जवळचं शेवटाला.

आता तू माझ्या एका गोष्टीचं उत्तर दे. हा बिघाड कसला? आमच्या मोटारीत बिघाड झाला की ती बंद पडती. तुमची बिघडली की चालू होती, ती बी रोज दिवेलागणीला, टायमावर! म्या लिंबाजीला विचारलं. तो म्हणतो, "मावशी, बिघाड कसला? संध्याकाळची गाडी घेऊन जातो तवा मैदानाच्या भिंतीवर लोक बसलेले असतात ओळीनं. लेकरं, बायका, भेळवाला. फवारे सुटले की टाळ्या पडतात."

टाळ्या पडतात म्हणजे तो बिघाड नव्हं, तो माणूस हाय. कोण हाय? नाव सांग. आणि सासूचं नाव घ्यावं तसं आडून आडून सांगू नकोस.

कडूबाई


धाराशिव
८ ऑक्टोबर

आज्जी,

सांगते. पण आधी वचन दे की तू येणार नाहीस.

ते श्रीमंतराव. मैदानाच्या ट्रस्टचे सेक्रेटरी. वाईट माणूस नाही गं, म्हणूनच तर अवघड आहे. दुष्काळात सगळे म्हणत होते मैदान सोडून द्या, तेव्हा त्यांनी स्वतः उभं राहून टँकर रिकामे केले आणि हे गवत जगवलं. तेव्हापासून त्यांचं एकच आहे, गवत म्हणजे पाणी. रोज दिवे लागले की कडेला खुर्ची टाकतात आणि कोंडीरामकाकांना हात करतात. फवारे सुटतात. लोक भिंतीवर बसून बघतात. श्रीमंतराव गवताकडे बघत नाहीत, लोकांकडे बघतात, आणि लग्नातल्या यजमानासारखे मान हलवतात.

मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, संध्याकाळी नको ना." ते चिडले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, ह्या जिल्ह्यात लोकांनी पाणी फक्त हंड्यात बघितलंय. हे असं उडताना बघायला येतात ते. ते बंद करायचं पाप मला सांगू नको. तुझ्या औषधानं बरं कर." मी मान डोलावून निघून आले. नेमणुकीवर सही त्यांची, मैदानावर हुकूम त्यांचा. तुलाही सांगायची लाज वाटली, म्हणून बिघाड म्हणाले.

औषध एकदा फवारलं. सर म्हणाले, तेच तेच पुन्हा मारू नको, बुरशीला सवय होते. आता फक्त पात कोरडी ठेवायची आहे, आणि तेवढंच माझ्या हातात नाही.

कापायच्या मशीनचं पातं धारेला सोलापूरला न्यायचं होतं, पण कारागीर म्हणाला, खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात, धार दसरा झाल्यावर. म्हणून चौदा तारखेला जाते, मुक्काम करून येईन.

तू येऊ नकोस. तुला माझी शप्पथ.

हर्षाली


धाराशिव
१७ ऑक्टोबर

आज्जी,

तुझं उत्तर आलं नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.

परवा सोलापूरहून परत आले. दिवे लागले, भिंतीवर लोक बसले, भेळवाला आला, आणि फवारे सुटलेच नाहीत. मला वाटलं आता खरंच बिघाड झाला. रात्रभर गवत कोरडं. काल उजाडताना दोर घेऊन गेले तर मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडलेल्या. श्रीमंतराव धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत. शेजारी ते मोजणीवाले वकीलसाहेब, दोन डॉक्टर, एक रिटायर झालेले तहसीलदार. सूर्य वर आला, श्रीमंतरावांनी हात केला, फवारे सुटले. थोडा वेळ चालले, बंद झाले, आणि चहा होईपर्यंत उन्हानं पात वाळलीसुद्धा! सरांनी वहीत लिहून दिलं होतं अगदी तसं. मी तोंडाचा आ वासून उभी. श्रीमंतराव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाळ, परवा मला एकदम सुचलं."

मला वाटलं सरांनी फोन केला असेल. सर म्हणाले, मी नाही.

मग कोंडीरामकाका दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "ताई, भूमकडची एक म्हातारी सोनं द्यायला आलती. नाव सांगायचं न्हाय म्हणून मला दम देऊन गेली, म्हणून म्या सांगत न्हाय. पण आमच्या वहिनीच्या भावजयीची शेजारीण हाय."

आज्जी, तू त्यांना काय म्हणालीस? भांडलीस का? माझं नाव घेतलंस का?

हर्षाली


माळवाडी
१९ ऑक्टोबर

हर्षे,

कोंडीरामच्या पोटात पाणी बी राहत न्हाय आणि गोष्ट बी.

तुझं नाव घेतलं न्हाय. घेतलं असतं तर तो म्हणला असता, पोरीनं भांडायला आजी आणली. आणि वचन म्या दिलंच नव्हतं, तूच मागितलं होतंस. शप्पथ घातलीस, पण ती कागदावर. कागदावरची शप्पथ लागत न्हाय.

माळावरच्या आपट्याची चार पानं घेतली. दसरा सरला होता, पण सोनं कोजागिरीपर्यंत चालतं. तुमच्या मैदानाला आले तवा श्रीमंतराव खुर्ची टाकून बसलेच होते. म्या सोनं हातात दिलं. माणूस रीतीचा निघाला, वाकून पाया पडला.

"कुठल्या माय तुम्ही?"

"भूमकडची. तुमचं पाणी बघायला आले."

झालं! गडी असा फुलला की स्वतःची खुर्ची मला दिली आणि आपण कठड्यावर बसला. मला भेळ सांगितली. मग त्यानं हात केला आणि फवारे सुटले.

आता खरं सांगते. म्या वाटंनं येताना बसमध्ये चांगली तीस-चाळीस वाक्यं जुळवून आणली होती. एक बी आठवंना. एवढं पाणी उडायलंय, आणि कुणी हंडा घेऊन धावत न्हाय, नंबरावरनं भांडण न्हाय, कुणाची झिंजी कुणाच्या हातात न्हाय. म्या तोंड उघडं टाकून बघत बसले. भानावर आले तवा भेळ संपलेली, रिकामा कागद हातात, आणि म्या बी टाळ्या वाजवायला लागलेली.

तवाच कळलं की ह्या माणसाला "बंद कर" म्हणण्यात अर्थ न्हाय. बंद तर माझ्यानं बी झालं नसतं.

मग म्या म्हणलं, "साहेब, वैभव लई हाय. पण बघायला कोण, तर ही लेकरं."

"म्हणजे?"

"न्हाय, आमी अडाणी. पण ऐकलं की सकाळी इथं मोठी माणसं फिरायला येत्यात. डॉक्टर, वकील, तहसीलदार. त्यांना बिचाऱ्यांना काय दिसतं? दोर ओढणारा वॉचमन."

कोंडीराम पलीकडं उभा राहून कान टवकारत होता. त्याच्याकडं म्या असं बघितलं की तो पंपाकडं निघूनच गेला.

"आणि अंधारात पाणी काय दिसतंय, साहेब? आमच्याकडं हरभऱ्यावर तुषार लावत्यात, सकाळच्या उन्हात त्यात सात रंग पडत्यात. लायटीच्या उजेडात पडत्यात का?"

"न्हाय पडत," तो म्हणला. मग भिंतीकडं बघून म्हणला, "पण मावशी, ही संध्याकाळची माणसं? त्यांना न्हाय कसं म्हणू?"

"ती भेळेला येत्यात."

"छे! पाणी बघायला येतात!"

"मग एक दिवस सोडू नका. भेळेच्या गाडीवर गिऱ्हाईक आलं न्हाय तर माझं नाव बदला."

आता माझं नाव त्याला ठाऊकच नव्हतं, मग बदलणार काय? पण त्याच्या ते ध्यानात आलं न्हाय. त्यानं कोंडीरामला हाक मारली. "काय रे, सकाळी सूर्य कुणीकडनं येतो? खुर्च्या कुणीकडं ठेवाव्या लागतील?"

एवढंच झालं. बुरशीचा ब बी काढला न्हाय. ती तुझी आणि तुझ्या सरांची गोष्ट, त्यात मला कळत न्हाय. मला माणसं कळतात. म्या फक्त टाइम बदलून दिला. डाग बरे करायचं काम तुझं हाय, ते कर. समिती माझ्या आपट्याच्या पानांवर पास करणार न्हाय.

कडूबाई


धाराशिव
२८ ऑक्टोबर

आज्जी,

सगळं एका पत्रात सांगते, लिंबाजीकाका गाडी सुटायच्या आधी घेऊन जाणार आहेत.

समितीकडून शिवप्रिया मॅडम आल्या. उमरग्याच्या. आता बघ, सामना आमच्याकडून गेला तर त्यांच्याच गावाला जाणार! मी म्हटलं, संपलं. आणि बाई आल्या त्या उजाडताना, नेमक्या बुरशी दिसायच्या वेळेला. आल्या त्या थेट डागाजवळ गुडघे टेकून बसल्या. कडेवरनं तळहात फिरवला. पात बाजूला करून धागे शोधले. धागे नव्हते. धुराचं कडं नव्हतं. बोटानं दाखवून म्हणाल्या, "हे नवे धुमारे डागात शिरलेत, बघितलेत?" मी बघितले नसतील का? रोज मोजत होते.

मग उभ्या राहिल्या, हात झटकले. "डाग आहेत."

"हो मॅडम."

"पण रोग नाही. डागावर सामना खेळता येतो, रोगावर नाही. कापणी आणखी उतरवू नका, आहे तेवढीच ठेवा. फायनल इथंच."

मी त्यांच्यासमोर रडले नाही. नंतर पंपाच्या खोलीत जाऊन थोडी रडले. कोंडीरामकाका म्हणाले, "ताई, बाहेर रडा, हितं ओल नको."

काल सामना झाला. भूमची एक पोरगी सीमेवर झोकून देऊन झेल घेताना पार आडवी घसरत गेली. उठली तेव्हा कपड्यांना माती नव्हती, हिरवं होतं. अख्ख्या मैदानात ते फक्त मला दिसलं असेल. एकच जागा अजून उघडी आहे, भेळवाल्याच्या बाजूला, जिथं कोंडीरामकाकांचा हात सगळ्यात सढळ होता. तिथं आम्ही पाहुण्यांचा मांडव घातला. त्यामुळं श्रीमंतराव दिवसभर नेमके तुझ्या खतावर बसले होते.

बक्षीस देताना ते माइकवर म्हणाले, "सकाळी पाणी द्यायचं हे मला एके संध्याकाळी सुचलं." सर माझ्याकडे बघून हसले. मीही टाळ्या वाजवल्या.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. चहाच्या वेळी सगळ्यांदेखत श्रीमंतराव मला म्हणाले, "बाळ, पुढच्या महिन्यात इथं मोठा समारंभ घ्यायचा. गवत एकदम मखमलीसारखं बारीक काप. आणि त्या दिवसापुरते संध्याकाळी, दिवे लावून, फवारे."

आज्जी, मी म्हणाले, "न्हाय, काका."

माझंच मला ऐकू आलं. मग वाटलं, निघालंच आहे तोंडातून तर पुढचंही जाऊ दे. म्हणाले, "बारीक कापलं की ते पुन्हा आजारी पडेल. संध्याकाळी ओलं केलं की पुन्हा पडेल. दाखवायचं तर सकाळी दाखवा, न्हायतर समारंभ दुसरीकडं घ्या. माझ्या मैदानावर संध्याकाळी पाणी सुटणार न्हाय."

"माझ्या" म्हणाले मी. वकीलसाहेबांचा बिस्किटाचा तुकडा चहात पडला, त्यांनी काढलासुद्धा नाही. श्रीमंतराव माझ्याकडे बघतच राहिले. कपाळ बघितलं, हनुवटी बघितली. मग एकदम म्हणाले,

"काय गं, भूमकडं तुझी कुणी आजी हाय का?"

मी हो म्हणाले. ते मांडीवर थाप मारून असे हसले की मांडवातली सगळी माणसं वळून बघायला लागली. नेमणुकीचा कागद मागवून तिथंच सही केली. पुढच्या दिवाळीपर्यंत. म्हणाले, "समारंभ हॉलमध्ये घेऊ. एक म्हातारी परवडली, दोन नकोत."

हर्षाली


माळवाडी
३० ऑक्टोबर

हर्षे,

वाचलं. तुझ्या आईला बी वाचून दाखवलं, फक्त खतावर बसल्याचं गाळलं. ती हसली की तिला खोकला लागतो.

श्रीमंतराव माइकवर काय बोलला ते मनावर घेऊ नकोस. बोलू दे त्याला. एखादी गोष्ट आपल्यालाच सुचली असं ज्याला वाटतंय, तो ती मोडत न्हाय. त्याला आता रोज सकाळी राखण करावी लागणार, तुझा एक माणूस वाढला.

आता दिवाळीला ये. हरळी हाय ती, चार दिवस तू दिसली न्हायस म्हणून मरायची न्हाय.

आणि येताना मनाची तयारी करून ये. तुझ्या बापानं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे बोलावलेत, तुला बघायला. मला दम दिलाय, पोरीला बोलू नको. म्हणून बोलत न्हाय, लिहिते. पोरगा बरा हाय म्हणं, बँकेत हाय. म्या अजून बघितला न्हाय. आवडला तर व्हय म्हण, म्या मोडता घालणार न्हाय. न आवडला तर श्रीमंतरावाला म्हणालीस तेच म्हण, तसंच, चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत. कुणाचं बिस्कीट चहात पडलं तर पडू दे. पुढचं म्या बघते.

कडूबाई